पावसाचे पाणी कुठे जाते?

'भारताचे प्राकृतिक विभाग' हा पाठ शाळेत कधी ना कधी येतोच. पर्वत, मैदाने, पठारे, वाळवंट, किनारा अशी यादी फळ्यावर लिहिली जाते, मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यात मुलांचा फारसा दोष नाही. हिमालय किंवा थरचे वाळवंट त्यांनी पाहिलेलेच नसते. पण भूरचनेतील विविधता समजण्यासाठी इतके दूर जाण्याची गरज आहे का? एकाच जिल्ह्यात पर्वत, मैदान आणि पठार भेटत असतील तर? बुलढाणा जिल्हा असाच आहे.

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा. गाव सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी राजूर घाट उतरू लागते. बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर उंचीवर आहे, मलकापूर अडीचशे मीटरच्या आसपास. म्हणजे तासाभराच्या प्रवासात आपण जवळजवळ चारशे मीटर खाली येतो. उंची एक किलोमीटरने वाढली तर तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते, हे पाठ्यपुस्तकात असते. मग दोन्ही गावांच्या तापमानात किती फरक पडायला हवा? सुमारे अडीच अंश. उन्हाळ्यात घाट उतरताना हे अडीच अंश अंगाला जाणवतात.

घाट उतरला की पूर्णा नदीचे सपाट मैदान लागते. ते ओलांडून उत्तरेला जळगाव जामोद किंवा संग्रामपूर गाठले की समोर सातपुड्याची भिंत उभी राहते. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार, मध्ये मैदान आणि उत्तरेला सातपुडा, असे जिल्ह्याचे तीन भाग झाले. या तिन्ही भागांचे स्वभाव वेगळे का, हे समजून घ्यायचे असेल तर एकच प्रश्न विचारत राहावा : इथे पडलेल्या पावसाचे पाणी पुढे कुठे जाते?

एका जिल्ह्याचे दोन समुद्र

बुलढाणा शहर पठाराच्या उत्तर काठाजवळ वसले आहे. शहराजवळून वाहणारी पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि मेहकरवरून आग्नेयेला जाते. पुढे ती वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि हे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. शहरापासून थोड्याच अंतरावर, घाटाच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस मात्र नळगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून उत्तरेला पूर्णेत जातो. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. ज्या उंचवट्यावरून पाणी असे दोन्ही बाजूंना वाटले जाते, त्याला जलविभाजक म्हणतात. एकाच ढगातून शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब या जलविभाजकामुळे दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाऊन मिळू शकतात.

जिल्ह्यात पूर्णाही दोन आहेत. मध्य प्रदेशात सातपुड्यात उगम पावून मैदानातून पश्चिमेला जाणारी पूर्णा तापीची उपनदी आहे. देऊळगाव राजाकडून वाहणारी खडकपूर्णा हीसुद्धा पूर्णाच, पण ती गोदावरीची उपनदी आहे. नकाशावर विद्यार्थ्यांची गल्लत होते ती इथे. 'कुठली पूर्णा?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावली तर ती टळेल.

न वाहणारे पाणी

आता मैदानाकडे वळू. जिल्ह्यातील खडक मुख्यतः बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी भूकवचाला मोठी भेग पडली. तिला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. तिच्या दक्षिणेकडील भाग खचला, आणि त्या खोलगट भागात दोन्हीकडच्या नद्यांनी गाळ आणून टाकला. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे.

नदी डोंगरातून उतरते तेव्हा तिचा वेग एकदम मंदावतो. मोठे गोटे आणि वाळू ती पायथ्याशीच टाकते, बारीक चिकणमाती तेवढी पुढे नेते. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी जाड, सच्छिद्र गाळाचा पट्टा आहे. त्यात पावसाचे पाणी सहज मुरते आणि तिथल्या विहिरींचे पाणी गोड लागते. मैदानाच्या मध्यभागी मात्र चिकणमातीचे जाड थर आहेत. त्यातून पाणी नीट झिरपत नाही, उतार फारच कमी असल्यामुळे वाहूनही जात नाही. खडक झिजताना सोडियमसारखे क्षार पाण्यात विरघळून येतात. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. सोडियम वाढला की मातीचे सूक्ष्म कण सुटे होतात आणि छिद्रे बुजतात. त्यामुळे पाणी आणखीच कमी मुरते. असे हे दुष्टचक्र आहे.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रदेशाला लोक खारपाणपट्टा म्हणतात. इथे विहीर खणून पाणी लागत नाही असे नाही. पाणी लागते, पण ते खारे असते. पिण्याला ते चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन आणखी बिघडते. म्हणून सातपुड्यातील वान नदीवरच्या धरणाचे पाणी या पट्ट्यातील अनेक गावांना नळाने पुरवावे लागते. पावसाचे गोड पाणी शेततळ्यात साठवणे आणि जमिनीला जिप्सम देणे हे शेतकऱ्याच्या हातातले उपाय. जिप्सममधील कॅल्शियम मातीतील सोडियमची जागा घेतो आणि जमीन पुन्हा मोकळी होऊ लागते. पण सुटलेला सोडियम धुऊन नेण्यासाठी पाण्याला वाट करून द्यावी लागते. ती नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो.

बाहेर वाट नसलेले तळे

पठारावरच्या लोणारला हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्केच्या आघाताने झाले. आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच इथे सापडली, तेव्हा १९७३ मध्ये याची खात्री पटली. विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे असावे असे पूर्वी मानत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनातून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले.

विवरात गोड्या पाण्याचे झरे आहेत. मग तळे खारे का? कारण तळ्यात पाणी येते, पण बाहेर पडायला त्याला वाट नाही. फक्त वाफ बाहेर पडते. हजारो वर्षे क्षार साचत गेले आणि पाण्याचा सामू दहाच्या आसपास गेला. जून २०२० मध्ये पाणी घटून खारटपणा वाढला, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले आणि तळे गुलाबी दिसू लागले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

वर्गात करून पाहा

पावसाचे, जवळच्या नदीचे आणि बोअरचे पाणी आणायला सांगा. तीन सारख्या बशांत प्रत्येकी समान पाणी घेऊन उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर कोणत्या बशीत किती पांढरा थर उरतो ते मुलांनी नोंदवावे. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात धुण्याचा सोडा मिसळून हळदीचा कागद बुडवा. तो तांबडा होतो. अल्कधर्मी पाण्याची ही ओळख. लोणार अभयारण्य आहे, त्यामुळे तिथले पाणी आणू नये. नंतर जिल्ह्याचा नकाशा टांगा. प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या ओढ्यापासून बोट फिरवत थेट समुद्रापर्यंत जावे.

पाणी वाहून गेले तर क्षारही जातात, वाफ होऊन गेले तर क्षार मागे उरतात. एवढे एक वाक्य पक्के समजले की राजस्थानातील सांभर सरोवर खारे का, आणि पंजाब-हरियाणात कालव्याच्या पाण्याखाली काही जमिनी पांढऱ्या का पडल्या, हे मुले स्वतःच सांगू लागतील. आणि खारपाणपट्ट्यातील मूल घरी जाऊन विचारील, 'आपल्या शेतातले पाणी कुठे जाते?' तो प्रश्न त्याच्या घरच्यांच्याही उपयोगाचा आहे.