मधला ६ गेला कुठे?
वर्ग त्रिपदीचे अवयव पाडण्याची एक झटपट रीत क्लासमधून शिकवली जाते. ६क्ष² + ११क्ष − १० घ्या. पहिल्या ६ ला शेवटच्या −१० ने गुणायचे आणि लिहायचे क्ष² + ११क्ष − ६०. त्याचे अवयव (क्ष + १५)(क्ष − ४). मग १५ आणि ४ ला ६ ने भागायचे, ५/२ आणि २/३ आले की छेद उचलून क्ष च्या मागे ठेवायचे: (२क्ष + ५)(३क्ष − २). उत्तर बरोबर येते. म्हणून कुणी हिला हातचलाखी म्हणतो, तर कुणाला ती कुठेही डोळे मिटून वापरावीशी वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत.

हातचलाखी वाटते ती मधल्या ओळीमुळे, आणि ती ओळ खरोखरच खोटी आहे. क्ष = १ ठेवला तर मूळ राशी ७ येते, नवी −४८. पण मूळ राशीला ६ ने गुणून पाहा: (६क्ष)² + ११(६क्ष) − ६०. म्हणजे त्या ओळीतला क्ष हा क्ष नसून ६क्ष आहे. तिथे ६क्ष लिहिले की (६क्ष + १५)(६क्ष − ४) मिळते. पहिल्या कंसातून ३, दुसऱ्यातून २ बाहेर येतो आणि उसना घेतलेला ६ फिटतो. आधी गुणून घ्यायची ही चाल आपल्याकडे जुनीच. वर्गसमीकरणाला पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने गुणून वर्ग पूर्ण करण्याची श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त त्यांच्या नावानिशी दिली आहे.

आता ‘कुठेही चालते’ या दाव्याकडे वळू. ४क्ष² + १०क्ष + ४ ला हीच रीत लावली तर (क्ष + २)(२क्ष + १) येते. गुणून पाहिल्यास ते २क्ष² + ५क्ष + २ भरते. सामाईक २ वाटेत हरवला. २क्ष² + ५क्ष + १ मध्ये तर गुणाकार २ आणि बेरीज ५ अशी पूर्णांकांची जोडीच नाही. अक्ष² + बक्ष + क या रूपात पाहिले तर ब² − ४अक येतो १७, आणि तो पूर्ण वर्ग नाही. तिथे कोणताही शॉर्टकट परिमेय अवयव काढून देणार नाही. शिवाय वेळ वाचतो तोही बेताचाच. नेहमीच्या रीतीने मधल्या पदाची फोड करून गट पाडतानाही पहिल्या उदाहरणात १५ आणि −४ हेच शोधावे लागतात. खरा वेळ त्या शोधात जातो, गट पाडण्यात नव्हे.

परीक्षेच्या घाईत कारणे कोण सांगत बसणार, हा आक्षेप रास्त वाटतो. पण कारण सांगायला वेगळा तास लागत नाही. मुलांना थेट (६क्ष + १५)(६क्ष − ४) ÷ ६ असे लिहायला शिकवले की छेद सरकवण्याचा विधीच उरत नाही आणि ओळीही वाढत नाहीत. दुसऱ्या उदाहरणात (४क्ष + ८)(४क्ष + २) ÷ ४ लिहिले, तर कंसांतून ४ आणि २ बाहेर पडतात, ४ भागाकारात जातो आणि २ कंसांबाहेर दिसत राहतो: २(क्ष + २)(२क्ष + १).