कॅप्टन नेमोचा समुद्र आणि सत्तावनची जखम
ज्यूल्स व्हर्नची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ १८६९-७० मध्ये फ्रान्समध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठीत आणले आणि समुद्रापासून दूरच्या नांदेड-लातुरातही कॅप्टन नेमो ओळखीचा झाला. मात्र नुसती साहसकथा म्हणून वाचली, तर निम्मा नेमो हातातून निसटतो.

नेमोच्या लेखी समुद्र म्हणजे कोणाचेच राज्य चालत नाही अशी जागा. जमिनीवरच्या जुलमाला विटून त्याने जमीनच सोडली. त्याच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीत बारा हजार ग्रंथ आहेत, ऑर्गन आहे. पण प्राध्यापक आरोनाक्स आणि त्याच्या दोन सोबत्यांना तिथून सुटका नाही. एकाने स्वातंत्र्यासाठी बांधलेली बोट दुसऱ्यांचा तुरुंग होते. कादंबरीचा खरा ताण इथेच आहे.

श्रीलंकेजवळ मोत्यांचे शिंपले काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क झडप घालतो. नेमो सुरा घेऊन मध्ये पडतो, पाणबुड्याला शुद्धीवर आणतो आणि मोत्यांची पिशवी त्याच्या हाती ठेवतो. हा माणूस नाडलेल्या देशाचा आहे आणि आपणही त्यांच्यातलेच, असे तो नंतर सांगतो. हाच नेमो पुढे एक युद्धनौका माणसांसकट बुडवतो, आणि मग बायको-मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो.

व्हर्नच्या मनात नेमो मुळात रशियाच्या जुलमाने उद्ध्वस्त झालेला पोलिश सरदार होता. प्रकाशक हेत्झेलने त्याला हरकत घेतली. १८७४-७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये उलगडा होतो: नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, टिपू सुलतानाचा आप्त, १८५७ च्या उठावात लढून घरदार गमावलेला.

मराठवाड्याच्या वाचकाने इथे जरा थांबावे. टिपूविरुद्ध १७९९ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा होता आणि सत्तावनमध्येही हैदराबादचा दरबार त्यांच्याशी एकनिष्ठ राहिला. नांदेड-लातूर १९४८ पर्यंत त्याच निजामी राज्यात होते. व्हर्नच्या लेखणीने तर थेट मराठवाडाच गाठला. १८८० च्या ‘स्टीम हाउस’च्या आरंभी नानासाहेब पेशव्यांच्या शिरावरचे इनाम औरंगाबादेत जाहीर होते आणि नानासाहेब वेरूळच्या लेण्यांकडे वळतात. या कादंबरीत ते सुडाने पेटलेले खलपात्र आहेत. नेमोला लाभलेली करुणा त्यांच्या वाट्याला येत नाही, आणि हा व्हर्नचा उणेपणाच आहे.

‘मिस्टीरियस आयलंड’च्या शेवटी नेमो मरतो आणि नॉटिलसच त्याची शवपेटी होते. व्हर्नच्या हस्तलिखितात त्याच्या ओठांवर अखेरीस स्वातंत्र्याचे नाव होते. हेत्झेलच्या आग्रहाने ते गेले आणि छापील पुस्तकात देव आणि देश आले.