भुसा ओढणाऱ्या यंत्राची ओढ का मंदावते?

सातपुड्याच्या सागवानी पट्ट्यातील सौंसरसारख्या गावी घरगुती सुतारकामात भुसा ओढून घेणारे यंत्र वापरले, तर काही काळाने मोटर पूर्वीसारखीच फिरत असूनही करवतीभोवती धूळ साचू लागते.

या यंत्राचा पंखा हवा खेचतो, जड भुसा खालच्या पिंपात पडतो आणि उरलेली हवा कापडी पिशवीतून गाळली जाऊन बाहेर पडते. पिशवीच्या आत बसलेला धुळीचा पातळ थर बारीक कण अडवून गाळण्यास मदतच करतो. परंतु गाळणीत चहाचा चोथा साचावा तसा तो दाट झाला किंवा पावसाळी दमटपणाने चिकटला, की हवेची वाट अडते, ओढ घटते आणि मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजले जाणारे कण श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले आहे.

म्हणून यंत्र बंद करून, मास्क लावून, पिशवी बाहेरून हलक्या हाताने झटकावी, पिंप काठोकाठ भरण्यापूर्वी रिकामे करावे आणि नळीच्या सांध्यांतून हवा गळत नाही ना, हे नियमित तपासावे.