वरची वीतभर माती

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत दगडी कोळशाची खाण नाही. इथला काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. महाराष्ट्रातला कोळसा मात्र त्याहून कितीतरी जुन्या गोंडवाना खडकांत, चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेर या पट्ट्यात आहे. उकरलेली जमीन पुन्हा कसती कशी करायची, याचे नियम देशात सर्वांत तपशीलवार घडले ते त्या खाणींसाठी. खडी, मुरूम आणि विटांची माती उचलणाऱ्या या दोन तालुक्यांना त्यांची गरज तेवढीच आहे.

आधी मातीचा हिशेब. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकरभर जमिनीवरचा फूटभर थर काढला, तर सुमारे ४३५ ब्रास भरतो. त्यातही जीव असतो तो वरच्या वीतभर थरात: मुळे, गवताचे बी, बुरशी, जिवाणू, गांडुळे आणि कुजलेला पालापाचोळा. वरकस जमिनीत तर वितीखाली लगेच मुरूम लागतो. इथला शेतकरी हे जाणतो, म्हणून तर पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून राब भाजतो आणि त्या जागेवर भाताचे आवण टाकतो. आणि तोच शेतकरी उंचावरच्या खाचराची माती वीटभट्टीला देतो. शेत खाली गेले की पाणी टिकते, हा त्यामागचा हिशेब. तो अगदीच चुकीचा नाही, पण थोडी माती काढण्यापुरताच खरा आहे. वर्षानुवर्षे चिखलणी होऊन खाचराच्या तळाशी एक घट्ट थर तयार झालेला असतो. भाताचे पाणी उभे राहते ते त्याच्यावर. पोकलेनचा दात त्या थरात गेला की पाणी खाली झिरपू लागते, आणि मालकाला ते पुढच्या आषाढात कळते.

कोळसाखाणीची पद्धत याच कारणाने सुरू होते ती सुरुंगाच्या आधी. वरची माती वेगळी काढायची, त्याखालची माती व मुरूम वेगळा आणि दगड वेगळा. अमेरिकेच्या १९७७ च्या खाणकायद्यात तर उत्तम शेतजमिनीचे थर वेगवेगळे काढून त्याच क्रमाने परत टाकणे बंधनकारक आहे. काढलेल्या मातीचा ढीग फार उंच करायचा नसतो, कारण आत हवा पोचली नाही की हवेवर जगणारे जिवाणू मरतात. ढीग वर्षानुवर्षे पडून राहिला तर बी आणि बुरशीही संपते. त्यामुळे ढिगावर लगेच गवत किंवा ताग पेरतात, भोवती चर काढतात. सर्वांत चांगले म्हणजे साठवायचेच नाही. एका बाजूला उकरलेली माती दुसऱ्या बाजूच्या भरलेल्या खड्ड्यावर थेट पसरायची. ओल्या मातीवरून डंपर फिरवणे ही नेहमीची चूक. ती दबून विटेसारखी कडक होते आणि मुळे आत शिरत नाहीत.

पाण्याचा प्रश्न कोळशाच्या पट्ट्यात आणि इथे वेगळा आहे. कोळशालगतच्या पायराइटला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. आसामच्या गंधकयुक्त कोळशात हा धोका मोठा. विदर्भातल्या कोळशात गंधक कमी. काळ्या कातळात आम्लाची भीती जवळपास नाहीच. इथला शत्रू म्हणजे गाळ. क्रशरची बारीक भुकटी आणि उघड्या मुरुमाची लाल माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते. बाटलीत ते पाणी भरून ठेवले, तर वाळू काही सेकंदांत तळाशी बसते. पण दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो. वाहत्या पाण्यात तो बसतच नाही. गाळ बसवायचे तळे खोल असून भागत नाही ते याचमुळे. ते लांब हवे, मध्ये आडव्या भिंती हव्यात आणि मृग लागायच्या आत उपसलेले हवे. कोळसाखाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान लागतो. सुरुंगाच्या दारूतले न जळलेले अमोनियम नायट्रेट विरघळून नायट्रेट वाढते, म्हणून साचलेल्या खड्ड्यातले पाणी पिण्याआधी तपासावे लागते.

ओढ्याचे पाणी कुठे जाते, हेही पाहायला हवे. शहापूर तालुक्यात तानसा (१८९२) आणि भातसा ही मुंबईची धरणे आहेत. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. मुरबाडची काळू पुढे उल्हासला मिळते. हे ओढ्याचे झाले; पण खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला आणि पंप चालू राहिला की शेजारच्या विहिरी आधी आटतात.

कायद्याने कोळशाची खाण आणि खडी-मुरुमाची खाण यांना सारखे वागवलेले नाही. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये खाणबंदीच्या राखीव खात्यात भरायचे ठरले. खडी, मुरूम, माती अशा गौण खनिजांवर अशी पकड उशिरा आली. पाच हेक्टरखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ चा. राज्याचे गौण खनिज नियम २०१३ चे. मार्च २०२० मध्ये रस्त्यासारख्या प्रकल्पांच्या माती-मुरुमाला केंद्राने मंजुरीतून सूट दिली, तीही न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. मधल्या चार वर्षांत समृद्धी महामार्गाचे काम शहापुरात जोरात चालू होते. रॉयल्टी ब्रासवर मोजतात. परत टाकलेली माती मोजायला पावतीबुकात रकाना नाही.

विटांच्या बाबतीत वाट कोळशाकडूनच आली. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने, वरची माती वाचवण्यासाठीच, कोळसा जाळणाऱ्या औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरपर्यंतच्या भट्ट्यांना विटेत राख मिसळणे सक्तीचे केले; २००३ मध्ये ते अंतर १०० झाले. डहाणू आणि एकलहरे ही दोन्ही केंद्रे शहापूरपासून त्या अंतरात येतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्टीवर जातात तेव्हा मात्र समोर पडलेला ढीग अजूनही बहुधा पोयट्याचाच असतो.

खाचराची माती परत टाकली तरी लगेच भात लावू नये. आधी मुरूम सपाट करून त्यावर माती पसरावी, बांध घालावेत आणि पहिल्या काही पावसाळ्यांत ताग, नाचणी किंवा वरी घ्यावी. त्यानंतर शेणखत घालून चिखलणी सुरू करावी. तळाचा घट्ट थर दरवर्षीच्या चिखलणीनेच पुन्हा धरतो, आणि तोवर खाचरात पाणी ठरत नाही.