उंच केलेली पिकअप आणि मायलेजचा हिशेब

सोयाबीनच्या हंगामात लातूर-नांदेड रस्त्यावरील अहमदपूरच्या मोंढ्याजवळ थोडा वेळ उभे राहा. येणाऱ्या-जाणाऱ्या पिकअप गाड्यांत एखादी इतरांपेक्षा उंच दिसेल. तिला जादा पाटे घातलेले असतात, टायरही मोठे असतात. कारण उघड आहे. काळ्या रानातील पाणंद पावसाळ्यात चाकोऱ्यांनी खोल होते आणि गाडीचे पोट चिखलाला टेकते. पण गाडी उंच केली की मालकाची तक्रार सुरू होते : "डिझेल फार खाते, चढाला दमते." ज्यांच्या घरची गाडी हप्त्यावर आहे, त्यांच्या दृष्टीने ही तक्रार लहान नव्हे. तिच्यात तथ्य किती आहे?

समजा, मूळ टायरचा व्यास 70 सेंटिमीटर होता आणि नव्याचा 77 आहे. परिघ काढा. पहिला येतो 220 सेंटिमीटर, दुसरा 242. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी आता 22 सेंटिमीटर अधिक पुढे जाते. पण गाडीचा मीटर अंतर मोजत नाही. तो फेऱ्या मोजतो, आणि एक फेरी म्हणजे 220 सेंटिमीटर असेच धरून चालतो. गाडी 110 किलोमीटर गेली, तरी मीटर 100 च दाखवतो.

आता मालकाचा हिशेब तपासू. पूर्वी लिटरला 14 किलोमीटर मिळत असत. गाडी उंच केल्यावर 25 लिटर डिझेलमध्ये मीटरवर 300 किलोमीटर पडले, म्हणजे लिटरला 12. दोन किलोमीटरची घट! परंतु गाडी प्रत्यक्षात 330 किलोमीटर गेली आहे. खरे मायलेज 13.2 आहे. दोनपैकी 1.2 ची घट मीटरची चूक ठरली आणि खरी घट 0.8 एवढीच उरली.

मीटरची ही चूक मात्र निरुपद्रवी नाही. काटा 60 दाखवतो तेव्हा वेग 66 असतो. थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 1.1 चा वर्ग, 1.21 पट. त्यात गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. पाठीमागे वऱ्हाड बसवून जाणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

उरलेली 0.8 ची घट कोठून आली? चाकाला मिळणारे पीळबल तेच, पण त्रिज्या मोठी झाली. म्हणून रस्त्यावर लागणारा जोर अकराव्या हिश्श्याने कमी झाला. बालाघाटच्या चढावर चालकाला खालचा गिअर लवकर टाकावा लागतो तो यामुळेच. मोठे टायर जडही असतात, आणि दर थांब्यानंतर ते पुन्हा फिरवायला जादा शक्ती खर्च होते. शिवाय हवेचा रोध असतो. उंच गाडीखालून अधिक हवा घुसते, आणि वर कडब्यासाठी लोखंडी सांगाडा बसवलेला असेल तर हवेला अडवणारा दर्शनी भागही वाढतो. हा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 60 वरून 80 वर गेलात की तो 16 भागिले 9, म्हणजे पावणेदोन पटींहून किंचित अधिक होतो.

मग उपाय काय? रिकाम्या फेरीला सांगाडा उतरवून ठेवावा. वेग 60 च्या आसपास राखावा. टायर थंड असताना हवा तपासावी. कमी हवेचा टायर जमिनीवर अधिक दबतो, आणि प्रत्येक फेरीत त्याच्या रबराच्या दबण्या-उलगडण्यात शक्ती वाया जाते. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीची हवेची जाळीही वेळेवर बदलावी. हे सारे स्वस्तातले उपाय आहेत, आणि माझ्या मते बाजारात मिळणाऱ्या 'मायलेज वाढवणाऱ्या' डब्यांपेक्षा भरवशाचे.

आता मूळ प्रश्न : उंचीने चिखलात फायदा किती झाला? पाटे वाढवून धड 10 सेंटिमीटर वर उचलले, तरी मागील आस चाकांमध्येच राहतो, आणि त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच. चाकोरीमधल्या उंचवट्याला आधी टेकतो तो हाच गोळा! तो वर उचलतात ते फक्त मोठे टायर, आणि तेही त्रिज्येतील फरकाइतके, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत असे फेरबदल करता येत नाहीत.

तुमच्या ओळखीच्या गाडीचा मीटर खरा आहे का, हे तपासायचे असेल तर खडू आणि टेप पुरे. नेहमीचा माल भरलेल्या गाडीच्या टायरवर आणि त्याखाली जमिनीवर एक खूण करा. चालकाला गाडी सावकाश सरळ पुढे घ्यायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून पाच फेऱ्या मोजा. दोन खुणांमधील अंतराला पाचने भागा. मग जुन्या टायरच्या मापाशी ताडून पाहा. दुसरी रीत याहून सोपी : चालकाशेजारी बसून रस्त्याकडेचे किलोमीटरचे वीस दगड मोजा, आणि मीटर किती पुढे सरकला ते वहीत टिपा.