मोटारसायकलीचा पट्टा काढून चेन बसवताना

आमचा धंदा कापडाचा. मोटारसायकलीविषयी आम्ही का लिहितो, असे वाचक विचारतील. कारण दोन आहेत. पहिले, पट्टा आणि चेन या दोन्ही गोष्टींशी मागवाल्यांचा जुना संबंध आहे. दुसरे, आमच्या घरातच हे काम एकदा चुकीचे झाले, आणि ती चूक आमची होती. आमच्या टर्नर आणि मिस्त्री बांधवांकडे असे काम अधूनमधून येते. त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही माहिती देत आहोत.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना चेनच असते. पट्ट्याची गाडी म्हटली की मुख्यतः हार्ली-डेव्हिडसन. मोटारसायकलींच्या सुरुवातीच्या काळात पट्टा चामड्याचा असे. पावसात तो घसरे, म्हणून चेन आली. पुढे १९८० मध्ये हार्लीने स्टर्जिस या मॉडेलवर दातेरी पट्टा आणला आणि नंतर तो इतर गाड्यांवरही दिला. या कंपनीची स्ट्रीट ७५० ही गाडी २०१४ मध्ये आपल्या बाजारात आली. ती हरियाणातील बावल येथे बनत असे. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने तेथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्या गाड्या आज जुन्या बाजारात हातोहात फिरतात. अशा गाडीचा पट्टा गेला की मालक विचारतो, उस्ताद, याला चेन बसेल का?

उत्तर असे की बसते. पण नुसती चेन अडकवून काम होत नाही.

पट्टा म्हणजे कापडच

हा पट्टा नुसते रबर नाही. त्याच्या पोटात अॅरामिड किंवा कार्बनच्या दोऱ्या लांबीने घातलेल्या असतात. दातांवर नायलॉनचे कापड असते आणि मध्ये रबर किंवा पॉलियुरेथेन. आपल्या भाषेत सांगायचे तर सगळा भार ताण्यावर. ताण्याचे धागे शाबूत, तोवर पट्टा शाबूत. म्हणूनच तो मुठीत मोडू नये, उलटा पिळू नये. आतल्या दोऱ्या तुटतात आणि वरून काही दिसत नाही.

पट्ट्याचे गुण पुष्कळ आहेत. त्याला तेल लागत नाही, कपडे खराब होत नाहीत, आवाज कमी आणि धक्काही तो थोडा पचवतो. चांगल्या रस्त्यावर तो साध्या चेनपेक्षा कितीतरी जास्त चालतो. मात्र त्याला खडीचे वैर आहे. पुली आणि पट्टा यांच्यामध्ये एक खडा सापडला की तो पट्ट्याला भोक पाडतो. त्यात तुटलेला पट्टा जोडता येत नाही. तो अखंड असतो, म्हणून नवा घालायला मागचे चाक काढून चिमटाही, म्हणजे स्विंगआर्म, मोकळा करावा लागतो. रस्त्यात हे काम होत नाही. चेनची एक कडी मात्र कुठलाही मिस्त्री बदलून देतो.

येथे एक खुलासा. स्कूटरच्या आतला पट्टा वेगळा. तो दातेरी पुल्यांवर नव्हे, तर लहानमोठ्या होणाऱ्या पुल्यांवर चालतो आणि गिअरचेच काम करतो. त्याच्या जागी चेन बसवायचा विचार कोणी करू नये.

आमची चूक

आमच्या भाच्याने पट्ट्याची एक जुनी गाडी घेतली. कसाऱ्याच्या बाजूला रस्त्याचे काम चालू होते. तेथे खडी पट्ट्यात गेली आणि गाडी टेम्पोत घालून घरी आणावी लागली. नवा पट्टा लवकर मिळेना. आमच्या गल्लीत मागाचे गिअर कापणारे एक उस्ताद आहेत. त्यांना आम्ही चेनचे दोन्ही चाक करायला सांगितले. ते म्हणाले, सेठ, चांगले पोलाद आणा आणि दातांना पाणी द्यावे लागेल. आम्ही म्हटले, आमच्या कारखान्यात लोखंडी जाड प्लेट पडून आहे, त्यातूनच करा. उस्तादांनी दोनदा सांगितले, आम्ही ऐकले नाही.

तीन हजार किलोमीटरही झाले नसतील. पुढच्या चाकाचे दात आकड्यासारखे वाकडे झिजले. एका ट्रकला मागे टाकताना चेन दातांवरून उडाली. मुलगा वाचला, हे नशीब. चेन उतरून मागच्या चाकात अडकली असती, तर चाक जागीच जाम झाले असते. चारशे-पाचशे रुपये वाचवायला आम्ही बहिणीचा मुलगा पणाला लावला होता. त्या दिवसापासून आम्ही या कामाची नीट चौकशी केली.

हिशेब आधी, खराद नंतर

पहिली गोष्ट दातांचे प्रमाण. काढलेल्या दोन्ही पुल्यांचे दात मोजावेत. समजा पुढे ३० आणि मागे ६६ आहेत, तर प्रमाण २.२ झाले. चेनमध्ये पुढे २० आणि मागे ४४ घेतले की तेच प्रमाण येते. ओढ वाढावी म्हणून कोणी पुढे १७, मागे ४२ मागतो. ते २.४७ झाले. गाडी उचल घेईल, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे १२ टक्के जास्त फिरेल. शिवाय ज्या गाडीचा वेग गिअरबॉक्सवरून मोजला जातो, तिचा काटा चुकेल. खरा वेग ८० असताना तो ९० दाखवील.

पुढचे चाक फार लहान करू नये. चेन गोल फिरत नाही, कडीकडीने वळते, त्यामुळे प्रत्येक दाताला तिचा वेग थोडा कमीजास्त होतो. ११ दातांवर हा फरक सुमारे ४ टक्के असतो, १७ दातांवर पावणेदोन टक्क्यांच्या आत येतो. दात जितके कमी, तितके हिसके आणि झीज जास्त.

दुसरी गोष्ट चेनचा नंबर. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्हींची पिच ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. फरक आतल्या रुंदीचा: ५२० ची पाव इंच, ५२५ ची ५/१६ इंच, ५३० ची ३/८ इंच. सव्वादोनशे किलोच्या गाडीला रबरी रिंग असलेली, कंपनीने त्या ताकदीसाठी दिलेली चेनच घ्यावी. लहान गाडीची ४२८ नंबरची चेन येथे चालणार नाही.

टर्नर बांधवांसाठी सूत्र: पिचला (१८० भागिले दात) या अंशांच्या साइनने भागले की पिच सर्कलचा व्यास मिळतो. २० दातांना तो १०१.४८ आणि ४४ दातांना सुमारे २२२.५ मिलिमीटर येतो.

पोलाद, सरळ रेषा आणि ढील

पुढचे चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर खाचांत बसते. त्या खाचा जशाच्या तशा कापल्या गेल्या पाहिजेत. जुन्या पुलीवर नवे चाक वेल्डिंग करण्याचा सोपा मार्ग काहीजण घेतात, तो घेऊ नये. पुढच्या चाकाला २० एमएनसीआर ५ सारखे केस हार्डन होणारे पोलाद, मागच्याला सी ४५ किंवा ईएन ८ आणि दातांना इंडक्शनचे पाणी. मागचे चाक हबच्या गोल खांद्यावर केंद्रात बसावे. नुसत्या बोल्टांच्या भरवशावर ठेवल्यास ते डगमगते. बोल्ट १०.९ ग्रेडचे आणि लॉकटाइट लावून कसलेले हवेत.

पट्टा रुंद, चेन अरुंद. म्हणून पुढची आणि मागची चेन एकाच रेषेत येण्यासाठी मध्ये बरोबर जाडीची रिंग लागते. ताणलेल्या दोऱ्याने किंवा सरळ पट्टीने ही रेषा तपासावी. एक मिलिमीटरहून जास्त फरक सोडू नये. मागचे रबर डॅम्पर पाहावेत. पट्टा जो धक्का पचवत होता, तो आता त्यांच्यावर येतो. गाडीवर माणूस बसवून चेन चिमट्याला, टायरला कुठे लागत नाही ना, हे बघावे. चिमट्यावर रबरी पट्टी लावावी.

चेनच्या कड्या सम संख्येत घ्याव्यात. जोडकडी पिनलॉकची नव्हे, रिव्हेटची. ढील पाहताना चूक होते ती अशी, की गाडी स्टँडवर असताना चेन तंग केली जाते. माणूस बसला आणि चिमट्याचा पिन, पुढचे चाक व मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. त्या स्थितीत थोडी तरी ढील उरली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सची बेअरिंग जाते.

बसवल्यानंतर दर ५०० किलोमीटरला आणि पावसानंतर तेल द्यावे. रबरी रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये. रॉकेल चालते. २० कड्यांची लांबी नवी असताना ३१७.५ मिलिमीटर असते. ती ३२३ च्या पुढे गेली की चेन आणि दोन्ही चाके एकत्र बदलावीत.

ग्राहकाला काय सांगावे

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीत फेरबदल करण्याविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदलांबाबत कडक निर्णय दिला आहे. म्हणून मालकाने आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी लेखी विचारावे, हे मिस्त्रीने स्वतः सांगावे. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नये. मूळ पट्टा सहज मिळत असेल आणि रस्ते चांगले असतील, तर पट्टाच ठेवा, असाही सल्ला द्यावा. काम जाईल, पण ग्राहक जाणार नाही.

रोलर चेनची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. हान्स रेनॉल्ड या स्विस कारागिराने १८७९ मध्ये मँचेस्टरलगतच्या सॅलफर्ड येथे कापडगिरण्यांच्या चेन बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला आणि १८८० मध्ये बुश रोलर चेन काढली. आज जगभरच्या मोटारसायकलींवर फिरते ती तीच. कापडाच्या धंद्याच्या पोटातूनच ती निघाली.

आमच्या उस्तादांनी दुसऱ्यांदा चाके केली ती योग्य पोलादाची. मजुरी त्यांनी एकदाचीच मागितली, आम्ही दोन्ही वेळची दिली. पहिल्या वेळचे ते झिजलेले चाक आमच्या पेढीवर गल्ल्याशेजारी ठेवले आहे. कोणी स्वस्तात करा म्हटले, की आम्ही ते त्याच्या हातात देतो.