यंत्राचें वाचन आणि चांद्याचा भूगोल

गडचिरोली कोणत्या जिल्ह्यांत आहे, असें तेथील शाळकरी मुलास विचारलें तर तो हंसेल. गडचिरोली हाच जिल्हा, असें सांगेल. परंतु पुष्कळ वाचलेलें यंत्र मात्र येथें घोटाळ्यांत पडूं शकतें. त्याचें कारण बोधप्रद आहे.

अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत टॉम मिचेल व त्यांचे सहकारी यांनीं जानेवारी २०१० मध्यें 'नेल' नांवाची संगणक-योजना सुरू केली. इंटरनेटवरील मजकूर अहोरात्र वाचून त्यांतून तथ्यें वेंचावयाचीं, हें तिचें काम होतें. रीत अशी : प्रथम मनुष्यानें थोडीं उदाहरणें द्यावयाचीं. 'अमुक गांव तमुक जिल्ह्यांत आहे' हा वाक्याचा सांचा ओळखतां आला, कीं त्याच सांच्यांतून नवीं गांवें हातीं लागतात. त्या गांवांवरून पुन्हां नवे सांचे सांपडतात. एक गोष्ट अनेक ठिकाणीं आढळली, म्हणजे तिजवरील विश्वास वाढतो. मात्र एक चूक आंत शिरली, कीं ती आपल्या मागून दहा चुका आणते. म्हणून अधूनमधून मनुष्याची तपासणी लागते.

आतां चांद्याकडे वळूं. जुन्या ग्रंथांत 'गडचिरोली, जिल्हा चांदा' असें आढळतें. १९६४ मध्यें चांद्याचें चंद्रपूर झालें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. बाबा आमटे यांनीं १९७३ मध्यें हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प काढला, तेव्हां तें गांव चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. आज तें गडचिरोलींत आहे. हीं सर्व विधानें आपापल्या काळीं खरींच. केवळ बहुमतास सत्य मानणारें यंत्र येथें फसेल. विधानाबरोबर त्याचें सालही ध्यानांत ठेवलें पाहिजे.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. जें लिहिलेलें नाहीं, तें यंत्रास दिसत नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें गोंडी बोलणारे सुमारें ३० लाख. परंतु इंटरनेटवर त्या भाषेंतील मजकूर फार थोडा. भामरागडच्या माडिया वृद्धेस रानांतील मोह केव्हां गळूं लागतो, कोणता कंद कसा शिजवावा, हें तोंडपाठ असतें. तें कागदावर नसतें. या मुलखाविषयीं यंत्र जें वाचतें, तें बहुधा बाहेरच्यांनीं लिहिलेलें असतें. आजचे प्रश्नोत्तरें करणारे संगणकही मुख्यतः लिखित मजकुरावरच पोसलेले आहेत.

तात्पर्य, यंत्र निरुत्तर झालें म्हणजे ज्ञानच नाहीं, असें मानूं नये. चांद्या-गडचिरोलीच्या शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं वडीलधाऱ्यांचें ज्ञान, त्यांच्या संमतीनें, त्यांच्याच भाषेंत, स्थळ व साल घालून लिहून ठेवावें. यंत्र तें वाचो वा न वाचो, पुढील पिढी तें वाचील.